५०० मायक्रॉन ठीक, पण जोडाचं काय?

आमच्या सांगोला तालुक्यात शेततळ्याचा कागद, म्हणजे पाणी मुरू नये म्हणून तळ्यात अंथरायचं प्लास्टिक, घ्यायचा म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी जाडीचाच प्रश्न असतो : किती मायक्रॉन (म्हणजे मिलिमीटरचे किती हजारावे भाग)? दुकानदार म्हणतो ५००, शेतकरी मान डोलावतो आणि बोलणं लगेच दरावर येतं. दादानं डाळिंबाच्या बागेसाठी तळं खोदायला पोकलेन लावला तेव्हा त्याच्याकडेही तीन कोटेशनं येऊन पडली होती. तिन्हींवर ५०० मायक्रॉन आणि दर मात्र तिघांचे तीन. 'तू एवढं कचऱ्याच्या खड्ड्यात प्लास्टिक अंथरत फिरतोस, तर आपल्या घरचं जरा बघ की,' असं म्हणून त्यानं ते कागद माझ्या हातात दिले.

कचऱ्याचा खड्डा म्हणजे शास्त्रोक्त भराव क्षेत्र. तिथल्या अस्तराच्या गुणवत्ता तपासणीचं काम मी करतो. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्ये तिथं ९० सेंटिमीटर जाडीचा चिकणमातीचा दाबलेला थर आणि त्यावर १.५ मिलिमीटर जाडीचं एचडीपीई, म्हणजे जास्त घनतेचं पॉलिथिन, सांगितलेलं होतं. ते एकजीव प्लास्टिक असतं, त्यात वीण नसते. शेततळ्याचा रीइन्फोर्स्ड कागद वेगळ्या जातीचा. एचडीपीईच्या ताणून काढलेल्या चपट्या पट्ट्या मागावर विणतात आणि त्या विणीच्या दोन्ही अंगांना पॉलिथिनचा पातळ लेप चढवतात. ताकद विणीची, पाणी अडवायचं काम लेपाचं. लेप विणीला धरून बसला नाही तर दोन्हीचा उपयोग नाही. मायक्रॉनच्या आकड्यात हे धरून बसणं कुठंच दिसत नाही.

तीनपैकी एक कोटेशन साध्या, बिनविणीच्या कागदाचं निघालं. तो माल वाईट नव्हता, पण दगडगोट्यांच्या मुरमात आम्हाला वीणच हवी होती. दुसऱ्यावर आयएस १५३५१ : २०१५ लिहिलेलं होतं. लॅमिनेटेड विणीव एचडीपीई जिओमेम्ब्रेनचं, म्हणजे लेप चढवलेल्या अशाच विणीच्या अस्तराचं, भारतीय मानक ते हेच. तिसऱ्यावर 'रीइन्फोर्स्ड, इंपोर्टेड क्वालिटी' एवढंच होतं. मानक नाही, काही नाही. आणि दादाचा जीव नेमका त्याच्यावर, कारण ते स्वस्त होतं.

मी वाद घातला नाही. दोन्हींचे नमुने मागवले, दोन्हींतून दहा बाय दहा सेंटिमीटरचे चौकोन कापले आणि सांगोल्यातल्या ओळखीच्या सराफाकडे गेलो. त्याचा काटा मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो. हिशेब सोपा आहे : ५०० मायक्रॉनचं भरीव एचडीपीई असेल तर शंभर चौरस सेंटिमीटरला साधारण ४.७ ग्रॅम भरायला हवं. विणीत खाचाखोचा असतात, त्यामुळे वजन थोडं कमी येणारच. मानकवाला नमुना ४.४ भरला. स्वस्तातला ३.७. जाडी मोजायचं यंत्र विणीच्या उंचवट्यांवर टेकतं, म्हणून फुगीर, विरळ विणीचा कागदसुद्धा ५०० दाखवतो. वजनाला तसं फुगता येत नाही. सराफ हसून म्हणाला, 'आता प्लास्टिकचीपण घडणावळ लावायची का?'

तेच तुकडे रात्रभर बादलीत बुडवून ठेवले, सकाळी बाहेरून कोरडे पुसले आणि परत तोलले. कापलेल्या कडेतून पाणी विणीत शिरतं आणि पट्ट्यांमधल्या बारीक पोकळ्यांतून वातीसारखं आत ओढलं जातं. लेप घट्ट बसला असेल तर त्याला फार वाट मिळत नाही. मानकवाल्या तुकड्यात नावापुरती वाढ होती. स्वस्तातल्या तुकड्यानं इतकं पाणी पिलं होतं की कड दाबली तर थेंब येत होता. मग ब्लेडनं कोपरा उचकटून बघितला. एकाचा लेप उचकटताना तुटत होता, निघत नव्हता. दुसऱ्याचा साल काढल्यासारखा सलग सोलून आला. दादानं तो सोललेला पापुद्रा उजेडात धरला, बोटांनी चोळला आणि कोटेशनचा कागद आपण होऊनच बाजूला ठेवला.

जोडाचा प्रश्न इथूनच सुरू होतो. कागद रुंद पट्ट्यांत येतो; असे दोन कागद वेल्डिंगनं जोडतात तेव्हा लेप लेपाला चिकटतो; वीण विणीला जोडली जात नाही. जोडावर ताण आला की तो लेपातून विणीत उतरायला हवा. लेपच विणीवरून सुटणारा असेल तर वेल्डिंगवाला कितीही हुशार असो, त्याचा जोड त्या सुट्या पापुद्र्याइतकाच टिकणार.

आता आमच्या तळ्याचं माप. वर ३० बाय ३०, खोली ३ मीटर, उतार एकाला दीड. म्हणजे तळ २१ बाय २१ उरतो आणि पाणी मावतं १,९७१ घनमीटर, वीस लाख लिटरला थोडं कमी. उताराची तिरपी लांबी ५.४ मीटर. दोन्ही उतार, तळ आणि वर बांधावरच्या चरात गाडायचा भाग धरून कागद ३५ बाय ३५ मीटर लागला. आम्ही घेतलेल्या कागदाची पट्टी चार मीटर रुंदीची. दहा सेंटिमीटर एकावर एक चढवून नऊ पट्ट्या लागतात आणि त्यांचे आठ जोड होतात. प्रत्येक जोड ३५ मीटर, एकूण २८० मीटर जोड. वीस लाख लिटर पाणी या २८० मीटरच्या भरवशावर उभं राहणार होतं, आणि कोटेशनमध्ये त्याबद्दल 'वेल्डिंगसह' एवढा एकच शब्द होता.

म्हणून पुरवठादाराबरोबर एक साधा पानभराचा करार केला. त्यात रुपयांपेक्षा जोडाबद्दल जास्त लिहिलं. चढाव किमान १०० मिलिमीटर, चिकटलेली पट्टी किमान ४० मिलिमीटर रुंद. काम सुरू करायच्या आधी रोज, आणि मशीन बंद पडून परत चालू केलं की प्रत्येक वेळी, भंगार तुकड्यांवर मीटरभर जोड मारून दाखवायचा. तो तपासल्याशिवाय तळ्यातल्या कागदाला हात लावायचा नाही. आडवा ओढल्यावर जोडाची ताकद मूळ कागदाच्या निदान ८० टक्के हवी. आणि सोलून बघताना जोड उघडता कामा नये, फाटायचंच तर कागद शेजारी फाटला पाहिजे. शेवटची अट वाचून पुरवठादाराचा माणूस म्हणाला, 'साहेब, एवढं तर सरकारी अनुदानवालेपण विचारत नाहीत.' दादा म्हणाला, 'त्यांना पाणी प्यायचं नाही त्यातलं. मला झाडं जगवायचीत.'

आडवं ओढणं आणि सोलणं यांत मोठा फरक आहे. जोडाच्या दोन बाजू विरुद्ध दिशांना आडव्या ओढल्या की सगळी रुंदी एकदम ताण घेते. ४० मिलिमीटर चिकटलेलं असेल तर अर्धवट चिकटलेला जोडही या परीक्षेत पास होतो. सोलताना मात्र दोन्ही शेपट्या वर धरून पाकीट उघडल्यासारखं ओढायचं. सगळा ताण एका रेषेवर येतो आणि खोटं लगेच उघडं पडतं. बहुतेक ठिकाणी वेल्डिंगवाला गिऱ्हाइकासमोर जोड धरून जोरात आडवा ओढून दाखवतो, 'बघा, तुटतोय का?' म्हणतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. त्याच्या हातातून तो तुकडा घेऊन फक्त सोलून बघायचा.

कागद आला तेव्हा त्यावरचा मानक शिक्का आणि परवाना क्रमांक बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, केअर अॅपवर टाकून बघितला. नाव-पत्ता जुळला. कागदाची एकेक पट्टी उलगडून सुई-भोकं बघायचं काम दादाच्या दोन्ही पोरांनी केलं. एकजण कागदाखाली टॉर्च धरायचा आणि दुसरा वरून ठिपका शोधायचा. अंधार पडल्यावर गोठ्याच्या पत्र्याखाली हे चालायचं.

तळ्याची तयारी हा खरा घाम काढणारा भाग, पण लिहिण्यासारखं त्यात थोडंच आहे. पोकलेनचा दात लागून बाहेर आलेले दगड काढले, उतार घासून घेतले, त्यावर चाळलेली माती दाबून बसवली, कोपरे गोल केले. चौकोनी कागद कोपऱ्यात जास्त होतो, त्याच्या घड्या पडतात. काटकोनी कोपऱ्यात त्या घडीखाली पोकळी राहते आणि पाण्याच्या वजनानं कागद तिथंच ताणला जातो. लव्हाळ्याच्या गाठी मात्र एकेक करून खणून काढल्या. मल्चिंगच्या कागदातून लव्हाळ्याचे कोंब वर आलेले ज्यानं बघितलेत त्याला याचं कारण सांगावं लागत नाही.

वेल्डिंगला पोरगा आला तो वीस-बावीस वर्षांचा, मराठवाड्यातला, बोलायला कमी आणि हाताला पक्का. त्याच्याकडे गरम पाचरीचं स्वयंचलित मशीन होतं : दोन कागदांच्या मध्ये तापलेली धातूची पाचर सरकते, दोन्ही लेप वितळतात आणि मागचे रबरी रूळ त्यांना दाबत पुढं जातात. तापमान आणि वेग दोन्ही त्याच्या हातात. इथं या विणीव कागदाची एक अडचण आहे आणि ती बऱ्याच जुन्या कारागिरांनाही ठाऊक नसते. लेप सहसा कमी घनतेच्या पॉलिथिनचा असतो, तो ११० अंशांच्या आसपास वितळतो. आतली वीण एचडीपीईची, ती १३० च्या आसपास. शिवाय त्या पट्ट्यांची ताकद त्या ताणून काढल्यामुळे आलेली असते. फार तापल्या तर त्या आक्रसतात, ताण विसरतात आणि मऊ प्लास्टिक होऊन बसतात. म्हणजे लेप पुरता वितळावा पण वीण तापू नये, अशा अरुंद जागेत काम करायचं. कमी तापवलं तर जोड सोलून निघतो. जास्त तापवलं तर जोड दिसायला झकास, चकचकीत, सोलता सोलत नाही. पण त्याला लागूनच कागद निम्म्या ताकदीत फाटतो.

ताकद मोजायला प्रयोगशाळा नव्हती. विहिरीतली मोटर काढायची चेन पुली होती आणि खताची पोती तोलायचा लटकता काटा होता. पाच सेंटिमीटर रुंदीच्या फिती कापल्या, दोन्ही टोकं जीआय पाइपच्या तुकड्यांवर दोन-तीन वेढे देऊन गुंडाळली म्हणजे निसटत नाहीत, आणि चिंचेच्या फांदीला सगळं टांगलं. आधी बिनजोडाची फीत ओढून ती किती किलोवर तुटते ते लिहून ठेवलं, मग जोडाची. आकडा प्रयोगशाळेइतका अचूक नसेल, पण एकाच काट्यावर दोन्ही ओढल्यावर टक्केवारी खोटी पडत नाही.

पहिल्या सकाळचा चाचणी-जोड सोलताना अख्खा उघडला. पोरानं तापमान वाढवलं. दुसरा सोलला नाही; त्याचा चेहरा खुलला. तो चेन पुलीला लावला तर मूळ फितीच्या साठ टक्क्यांच्या आसपास, जोडाच्या कडेलाच तुटला. तुटलेल्या जागी विणीतल्या पट्ट्यांची टोकं गोळा झालेली, चुरगाळलेली. मी ती त्याला दाखवली. त्यानं बराच वेळ निरखून बघितलं आणि म्हणाला, 'जळालं नाही, पण मेलंय.' मग त्यानं तापमान थोडं उतरवलं, वेगही कमी केला आणि रुळांचा दाब वाढवला. पुढचा जोड सोलताना शेजारचा कागद फाटला आणि आडवा ओढताना आकडा ८५ टक्क्यांच्या वर गेला. त्यानं तापमान आणि वेगाचे आकडे मशीनच्या अंगावर मार्करनं लिहून टाकले.

ते आकडे दुपारपर्यंतच चालले. काळा कागद उन्हात इतका तापतो की अनवाणी पाय ठेववत नाही. सकाळची सेटिंग दुपारी जास्त होते. आणि लाइटीचा दाब पडला की पाचर थंड पडते, तेही मशीनच्या काट्यावर लगेच दिसत नाही. म्हणून डिझेल जनरेटर भाड्यानं आणला. दादाला तो खर्च जिवावर आला होता. पण शेतातल्या लाइटीवर २८० मीटर सारखा जोड निघेल असं आमच्या गावात कुणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

चौकोनी तळ्यात नऊ पट्ट्या एकाच दिशेनं जातात, त्यामुळे दोन उतारांवर जोड वरून खाली उतरतात आणि उरलेल्या दोन उतारांवर ते आडवे येतात. आडवे जोड सरकणाऱ्या कागदाचं वजन घेतात. तिथं वरची पट्टी खालच्या पट्टीवर कौलांसारखी चढवली आणि उतार जिथं तळाला मिळतो त्या कोनावरच आडवा जोड येणार नाही अशी मांडणी आधीच आखून घेतली. हे कागदावर पेन्सिलीनं दहा मिनिटांचं काम आहे. तळ्यात उतरल्यावर ते कुणाला जमत नाही.

जोड झाल्यावर तपासणी. भराव क्षेत्रावर जाड एचडीपीईला दुहेरी जोड मारतात, मधल्या पोकळ नळीत हवा भरतात आणि दाब पडतो का बघतात; शिवाय दर १५० मीटरला जोडाचा तुकडा कापून प्रयोगशाळेत पाठवतात. आमचा जोड एकेरी आणि रुंद, नळी नाही. म्हणून कंप्रेसरची हवा साधारण ५० पीएसआयला बारीक तोंडाच्या नळीतून जोडाच्या कडेवर सोडत २८० मीटर चाललो. जोड जिथं सुटलेला असतो तिथं हवा आत शिरून कागद फडफडतो, खालून फुगतो. कान आणि हात दोन्ही लावावे लागतात. काही ठिकाणं सापडली, बहुतेक मशीन थांबून परत चालू झालेल्या जागी. तिथं हातातल्या गरम हवेच्या गननं आणि रुळानं ठिगळं लावली. ठिगळ गोल कोपऱ्यांचं आणि दोषाच्या चारी बाजूंनी वीतभर पुढं गेलेलं. टोकदार कोपरा पुढं कधीतरी उचकटतोच. जोडांचे तुकडेही कापले, पण चरात गाडल्या जाणाऱ्या टोकांकडून, म्हणजे पाण्याच्या भागात भोक पडत नाही.

शेवटी राहिली ती उघडी कड. पाण्याच्या बाजूला प्रत्येक जोडावर वरच्या पट्टीची कापलेली कड दिसत राहते आणि विणीची तोंडं उघडी असतात. बादलीतल्या तुकड्यानं काय केलं ते दादानं बघितलं होतं, त्यामुळे इथं मला काही समजवावं लागलं नाही. एक्स्ट्रूडर गननं वितळलेल्या पॉलिथिनची बारीक धार त्या सगळ्या कडांवर सोडून घेतली. पुरवठादारानं याचे पैसे वेगळे मागितले. मला विचाराल तर अख्ख्या कामात सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च हाच. कारण एकदा पाणी विणीत शिरलं की ते कुठून शिरलं आणि कुठून बाहेर पडतंय यांचा मेळ लागत नाही. आणि गळती लहान दिसते म्हणून सोडायची नसते : ३ मीटर पाण्याखाली २ मिलिमीटरचं एक भोक आणि खाली पाणी पिणारा मुरूम, तर हिशेबानं दिवसाला साडेबाराशे लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं. ठिबकवर इतक्यात किती झाडं भागतात हे डाळिंबवाल्याला सांगायला नको.

चर भरला तो पहाटे. साधं एचडीपीई ३० अंशांच्या फरकानं ३५ मीटरमागे पंधरा सेंटिमीटरच्या आसपास लांबतं-आखडतं. दुपारी तापलेला कागद ताणून चरात गाडला की रात्री तो आखडतो आणि तळाच्या कोनात जमीन सोडून उचलला जातो. मग पाणी भरताना सगळा ताण त्या कोनातल्या जोडांवर. म्हणून गारव्यात, कागद सगळीकडे जमिनीला टेकलाय हे बघून, ६० सेंटिमीटर खोल चरात माती दाबली. पाइप कागदाला भोक पाडून कुठंही नेला नाही. भरायचा आणि उपसायचा दोन्ही बांधावरूनच. दोन बाजूंना गाठी मारलेले जाड दोर आणि ट्यूब सोडले, चारी बाजूंनी जाळी ठोकली. ओल्या कागदावरून आत गेलेला माणूस, कुत्रं, वासरू कुणालाच आपल्या पायांनी वर येता येत नाही.

कॅनॉलचं आवर्तन आलं तसं तळं टप्प्याटप्प्यानं भरलं, प्रत्येक मीटरला थांबून. गळती आणि बाष्पीभवन वेगळं काढायला पाण्यातच एक टब अर्धा बुडवून बांधला, त्यातही तेच पाणी. दोन्हीकडे मोजपट्टी. टबातलं पाणी जितकं उतरतं तितकंच तळ्यातलं उतरलं तर गळती नाही. ९०० चौरस मीटरला एक मिलिमीटर म्हणजे ९०० लिटर, त्यामुळे पट्टी वाचताना घाई करून चालत नाही. वारा पडलेला असताना, रोज एकाच वेळी. दोन्ही पट्ट्या बरोबर उतरत राहिल्या. वाचायचं काम आता दादाची धाकटी करते, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते आणि आकडा जुळला नाही तर मला फोन येतो. एकदा आला होता. टबाचा दोर सैल होऊन तो कलला होता.

कागदात काजळीचं प्रमाण नीट असेल तर ऊन सोसतो, पण पाण्याच्या पातळीवरचा उघडा पट्टा आधी म्हातारा होणार. त्यासाठी त्याच कागदाच्या आणि त्याच जोडाच्या फिती बांधावर उन्हात खिळून ठेवल्यात, आणि तशाच काही घरात, ट्रंकेत. दर उन्हाळ्यात एकेक जोडी काढून चिंचेखाली ओढायची आणि करारामागच्या कोऱ्या बाजूला आकडे लिहायचे, असं ठरलंय. शेजारच्या वाडीतल्या दोघांनी त्यांच्या तळ्यासाठी तो करार झेरॉक्स काढून नेला. त्यातल्या एकाला पुरवठादारानं सोलून बघायची अट काढायला सांगितली, तर त्यानं पुरवठादारच बदलला.